कोऱ्या बटणाचे प्रकरण : सीएसएसमध्ये कोणत्या नियमाचे चालते आणि का

दिवाळी अंकांची आगाऊ मागणी ऑनलाइन घेणाऱ्या एका लहान प्रकाशनसंस्थेच्या संकेतस्थळावर घडलेले हे प्रकरण आहे. संस्थेचे आणि संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही, कारण त्यात कोणाचीही विशेष चूक नव्हती. असे दोष आठवड्याला एक या हिशेबाने माझ्याकडे येतात. हा दोष मात्र एकाच बटणावर पंधरा दिवसांत चार वेगवेगळ्या रूपांत प्रकट झाला, आणि प्रत्येक वेळी केलेल्या दुरुस्तीनेच पुढच्या दोषाला जन्म दिला. सीएसएसमधला, म्हणजे पानाचे रंग, टंक आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेतला, प्राधान्यक्रम समजून घेण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण आजवर मिळालेले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. संकेतस्थळ एका विकत घेतलेल्या तयार थीमवर, म्हणजे रंगरूपाच्या साच्यावर, उभे होते. थीमच्या सेटिंगमध्ये ‘मुख्य रंग’ म्हणून संस्थेने मरून रंग निवडला होता. मागणी नोंदवण्याचे पान आमच्या एका तरुण सहकाऱ्याने स्वतंत्र चाचणी-पानावर बनवले आणि तेथे ते उत्तम दिसत होते: प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाखाली मरून पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ‘मागणी नोंदवा’ असे बटण. हे बटण तांत्रिकदृष्ट्या एक दुवा, म्हणजे ए टॅग (टॅग ही घटकाचा प्रकार सांगणारी खूण) होते आणि त्याला ‘मागणी-बटण’ हा क्लास, म्हणजे अनेक घटकांना देता येणारे गटाचे नाव, दिलेला होता. पान मूळ संकेतस्थळावर चढवले त्या संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला, “अहो, बटणावर अक्षरेच नाहीत. नुसता मरून चौकोन दिसतोय.”

अक्षरे होती. ती मरून पार्श्वभूमीवर मरून रंगाची झाली होती.

हा चौकोन कोरा का झाला, हे नीट पाहिले तर प्रकरणाचा निम्मा उलगडा होतो. आमच्या फाइलीत एक नियम होता, जो आपण बोलताना ‘डॉट मागणी-बटण’ असा वाचतो (डॉट ही क्लासची खूण, हॅश ही आयडीची). त्यात पार्श्वभूमी मरून आणि अक्षरांचा रंग पांढरा, अशा दोन घोषणा होत्या. थीमच्या फाइलीत दुसरा नियम होता, ‘हॅश कंटेंट, डॉट एंट्री, ए’. म्हणजे कंटेंट हा आयडी (पानातल्या एकाच घटकाला द्यायचे नाव) असलेल्या भागाच्या आत, एंट्री या क्लासच्या आत येणारा कोणताही दुवा, आणि त्याच्या अक्षरांचा रंग मुख्य रंग. दोन्ही नियम आमच्या बटणाला लागू पडत होते. येथे पुष्कळांची अशी समजूत असते की दोन नियमांची टक्कर झाली की एक नियम अख्खा जिंकतो आणि दुसरा अख्खा बाद होतो. तसे होत नाही. लढत नियमांची नसून एकेका गुणधर्माची असते. पार्श्वभूमीच्या बाबतीत थीमचा नियम गप्प होता, म्हणून आमची मरून पार्श्वभूमी बिनविरोध निवडून आली. अक्षरांच्या रंगासाठी मात्र दोन उमेदवार होते आणि त्यात थीमचा उमेदवार जिंकला. अर्धा नियम चालला आणि अर्धा पडला, म्हणूनच बटण बिघडलेले न दिसता कोरे दिसले. चाचणी-पानावर कंटेंट नावाचा आयडीच नव्हता, त्यामुळे तेथे हा सामना झालाच नव्हता.

सहकाऱ्याने प्रथम जे केले ते बहुतेक जण करतात. ‘शेवटी लिहिलेला नियम जिंकतो’ हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने आमची फाइल थीमच्या फाइलीनंतर जोडली. काहीही फरक पडला नाही. हे सूत्र खोटे नाही, पण ते सर्वांत शेवटच्या पायरीचे सूत्र आहे. ब्राउझर एकेका गुणधर्मासाठी ठरावीक क्रमाने प्रश्न विचारत जातो: घोषणा कोणाकडून आली आणि तिच्यावर इम्पॉर्टंटची, म्हणजे ‘ही घोषणा साध्या घोषणांच्या वर’ असे सांगणाऱ्या शब्दाची, मोहोर आहे का, ती थेट घटकाच्या स्टाइल अॅट्रिब्यूटमध्ये लिहिली आहे का, ती कोणत्या लेअरमध्ये, म्हणजे नियमांच्या थरात आहे, तिच्या सिलेक्टरची (नियम कोणत्या घटकांना लागू ते सांगणाऱ्या भागाची) स्पेसिफिसिटी, म्हणजे नेमकेपणाचे वजन, किती, आणि एवढे सगळे समान ठरले तरच, कोणती घोषणा नंतर आली. या प्रकरणात न लागणारे दोन-तीन प्रश्न मी वगळले आहेत. ज्या प्रश्नावर दोन उमेदवारांत फरक पडतो तेथेच निकाल लागतो आणि पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. आमचा सामना स्पेसिफिसिटीपाशीच संपला होता, त्यामुळे फाइल कोठे जोडली हे विचारण्याची वेळच आली नाही.

मग त्याने सिलेक्टर लांबवला. पान, यादी, अंक, कृती आणि शेवटी मागणी-बटण अशा पाच क्लासांची माळ ओवून त्याने अक्षरांच्या रंगापुरता तोच नियम पुन्हा लिहिला. तोही हरला, आणि सहकारी खरोखर गोंधळला, कारण त्याच्या हिशेबाने आयडीचे शंभर, क्लासचे दहा आणि टॅगचा एक गुण होता. पाच क्लासांचे पन्नास होतात हे त्याला मान्य होते आणि तो आता बारा क्लास जोडण्याच्या बेतात होता. शंभर-दहा-एक ही शिकवणी-वर्गांतली सोय आहे, नियम नाही. स्पेसिफिसिटी म्हणजे बेरीज नव्हे, तीन स्वतंत्र रकाने आहेत: आयडी किती, क्लास किती, टॅग किती. तुलना डावीकडून होते. ऑलिंपिकची पदकतालिका आठवावी. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत भारताला एक रौप्य आणि पाच कांस्य अशी सहा पदके मिळाली, तरी एकाच सुवर्णपदकाच्या बळावर पाकिस्तान तालिकेत आपल्या वर होता. तालिकेत सुवर्णाचा रकाना आधी पाहतात आणि तेथे फरक पडला की रौप्य-कांस्य मोजण्याचे कारण उरत नाही. थीमच्या नियमाचे रकाने एक-एक-एक असे होते, आमच्या माळेचे शून्य-पाच-शून्य. बारा क्लास लावले असते तरी शून्य-बारा-शून्यच.

(एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. २०१२ मध्ये कोणाच्या तरी लक्षात आले की काही प्रमुख ब्राउझरांत २५६ क्लासांची माळ लावली तर ती एका आयडीला खरोखर हरवते. ब्राउझर प्रत्येक रकान्यासाठी आठ बिटांचीच जागा ठेवत होते; २५५ च्या पुढे हातचा शेजारच्या रकान्यात जात होता. तो दोष होता, पण सहकाऱ्याच्या बेरजेवरच्या श्रद्धेला तेवढा तरी ऐतिहासिक आधार आहे.)

त्या संध्याकाळी मला बोलावले असते तर मी सिलेक्टर ‘हॅश कंटेंट, डॉट एंट्री, डॉट मागणी-बटण’ असा लिहून, एक-दोन-शून्य विरुद्ध एक-एक-एक असा सामना जिंकून घरी गेलो असतो, आणि ते चुकीचेही ठरले नसते. पण बोलावले नाही. सहकाऱ्याने अक्षरांच्या पांढऱ्या रंगावर इम्पॉर्टंट लावले, बटण दुरुस्त झाले आणि पान लोकांसाठी खुले झाले.

आता अक्षरे दिसू लागली तसे आणखी एक दिसले: त्यांच्याखाली पांढरी रेघ होती. ती आधीपासूनच होती, पण अधोरेखन अक्षरांचाच रंग घेत असल्याने मरूनमध्ये मरून बुडालेले होते. थीमने एंट्रीमधल्या दुव्यांना अधोरेखन दिले होते आणि तेही इम्पॉर्टंट लावून. सहकाऱ्याने आमच्या नियमातही अधोरेखन काढणारी घोषणा इम्पॉर्टंटसह लिहिली, पण दोन्हीकडे मोहोर असली की ती मोहोर निर्णायक राहत नाही आणि पुढचा प्रश्न येतो: शून्य-एक-एक विरुद्ध शून्य-एक-शून्य. एका टॅगच्या फरकाने आमचा नियम हरला. “रेघ राहू दे, दुव्यासारखे वाटते,” असे म्हणून तो विषय तेथेच थांबला.

तिसरे रूप दोन दिवसांनी दिसले. बटणावर माउस नेला की पार्श्वभूमी पांढरी आणि अक्षरे मरून व्हावीत, असा होव्हरचा नियम मुळातच लिहिलेला होता. आता माउस नेला की पार्श्वभूमी पांढरी होत होती आणि अक्षरे, इम्पॉर्टंटच्या जोरावर, पांढरीच राहत होती. म्हणजे बटण पुन्हा कोरे, या वेळी पांढरे. उपाय म्हणून होव्हरच्या रंगावरही इम्पॉर्टंट लागले. क्लास आणि होव्हर मिळून शून्य-दोन-शून्य होतात, म्हणून दोन इम्पॉर्टंटमध्ये होव्हरचा जिंकला आणि सगळे पुन्हा सुरळीत दिसू लागले.

चौथ्या रूपाने मात्र पैशांचा प्रश्न आणला. एखादा अंक संपला की एक छोटी स्क्रिप्ट बटणावरची अक्षरे बदलून ‘अंक संपला’ करत असे आणि त्याच घटकाच्या स्टाइल अॅट्रिब्यूटमध्ये पार्श्वभूमी फिकट राखाडी व अक्षरे गडद राखाडी असे रंग लिहीत असे. स्टाइल अॅट्रिब्यूट साध्या सिलेक्टरांच्या वर असते, तेथपर्यंत हिशेब बरोबर होता. पण मोहोरेचा प्रश्न त्याच्याही आधी विचारला जातो. परिणामी फिकट राखाडी पार्श्वभूमी लागू झाली आणि अक्षरे पांढरीच राहिली. फिकट राखाडीवर पांढरे ‘अंक संपला’ फोनच्या पडद्यावर उन्हात कोणाला वाचता येणार? दुवा चालूच होता, लोकांनी तो दाबला, आणि संपलेल्या अंकाच्या सात मागण्या पैशांसकट आल्या. तक्रार आल्यावर संपादकबाईंनी स्वतःच्या संगणकावर पाहिले आणि ठामपणे सांगितले, “माझ्याकडे तर स्वच्छ दिसतंय.” त्यांचेही खरे होते. त्या माउस बटणावर ठेवून वाचत होत्या. माउस ठेवला की होव्हरचा इम्पॉर्टंट मरून रंग लागू होई, पार्श्वभूमी मात्र स्टाइल अॅट्रिब्यूटमुळे राखाडीच राही, आणि राखाडीवर मरून अक्षरे सुरेख वाचता येत. फोनवर माउस नसतो.

येथे मला बोलावण्यात आले. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये बटणावर राइट-क्लिक करून तपासणी उघडली, तेव्हा उजव्या बाजूच्या पट्टीत आतापर्यंतची सगळी कहाणी वरून खाली लिहिलेली होती. सर्वांत वर घटकाची स्वतःची शैली, तिच्यातली पार्श्वभूमी शाबूत आणि अक्षरांच्या रंगावर काट. खाली थीमचा आयडी असलेला नियम, त्याच्या रंगावर काट. त्याखाली पाच क्लासांची ती माळ, तिच्यावरही काट. आणि आमचा मूळ नियम, ज्यातला पांढरा रंग इम्पॉर्टंटच्या आधाराने तेवढा उभा. सिलेक्टरवर माउस नेला की त्याचे तीन रकानेही क्रोम दाखवते. काट मारलेली ओळ ही चूक नव्हे, ती हरलेली उमेदवारी आहे, एवढे लक्षात ठेवून ही पट्टी वाचली की तर्क लढवण्याची गरज सहसा पडत नाही. सहकाऱ्याने ती उघडलीच नव्हती. तो फाइल वाचत होता, आणि फाइलीत फक्त आपलीच बाजू असते.

माझे निदान असे होते की आतापर्यंत सर्वांनी हरणाऱ्या नियमाला शस्त्रे दिली, पण दोष जिंकणाऱ्याच्या वजनात होता. सर्वसाधारण दुव्यांना रंग देणे हे थीममधले अगदी प्राथमिक काम. त्यासाठी आयडी वापरण्याचे काहीच कारण नव्हते. इम्पॉर्टंटचे मूळ प्रयोजनही वेगळे आहे. हाकून व्यूम ली यांनी १९९४ मध्ये सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत असताना सीएसएसची कल्पना मांडली, तेव्हापासून ‘कॅस्केड’ या शब्दाचा अर्थ ब्राउझर, वाचक आणि पान बनवणारा या तिघांच्या शैली एकमेकींवर ओघळत येणे असा आहे. १७ डिसेंबर १९९६ च्या पहिल्या प्रमाणात इम्पॉर्टंटच्या बाबतीतही पान बनवणारा वाचकाच्या वर होता. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे मुद्दाम उलटवले गेले, म्हणजे ज्याला मोठी अक्षरे किंवा विशिष्ट रंगसंगती लागते अशा वाचकाचा शब्द अखेरचा ठरावा. आपल्याच घरातली भांडणे मिटवण्यासाठी ते हत्यार नव्हते.

थीमची फाइल हलकी करणे हा सरळ उपाय होता, पण थीम विकतची होती आणि पुढच्या अद्ययावतीकरणात आमचे बदल पुसले गेले असते. म्हणून लेअरचा मार्ग घेतला. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्हींत आलेली ही सोय स्पेसिफिसिटीच्या आधी विचारात घेतली जाते. आधी ‘थीम’ आणि नंतर ‘साइट’ असे दोन लेअर जाहीर केले, थीमची अख्खी फाइल इम्पोर्ट करताना पहिल्यात टाकली आणि आमचे नियम दुसऱ्यात ठेवले. नंतरचा लेअर आधीच्या लेअरला हरवतो, मग आधीच्यात आयडी असोत की आणखी काही. त्यानंतर आमच्या फाइलीतले सगळे इम्पॉर्टंट आणि पाच क्लासांची माळ काढून टाकली. ‘डॉट मागणी-बटण’ हा मूळ, हलका नियम एकट्याच्या बळावर चालू लागला.

दोन गोष्टी मात्र अनपेक्षित घडल्या, निदान सहकाऱ्यासाठी. पान उघडताच सर्व उपशीर्षके हिरवी झाली. आमच्या फाइलीत पहिल्या आराखड्यातला एक नियम राहून गेला होता, ज्यात दुसऱ्या पातळीची शीर्षके हिरवी ठरवली होती. तो सतत थीमकडून हरत असल्याने कधी दिसला नव्हता आणि लेअरमुळे आता अचानक जिंकला. असे अकरा मेलेले नियम उठून बसले. ते शोधून काढण्यात एक दुपार गेली आणि माझ्या मते ती दुपार या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी ठरली.

दुसरी गोष्ट त्या अधोरेखनाची. आमचा साधा नियम त्याला हरवू शकत नव्हता, हे उघड होते. पण सहकाऱ्याने सवयीने आमच्या लेअरमध्ये इम्पॉर्टंट लावून, वर सिलेक्टरही लांबवून पाहिला, तरी रेघ हलेना. कारण इम्पॉर्टंट घोषणांसाठी लेअरांचा क्रम उलटा होतो: आधी जाहीर केलेला लेअर नंतरच्याला हरवतो. ऐकताना हे खोडसाळपणाचे वाटते, पण वाचक आणि पान बनवणारा यांच्यात १९९८ साली जी उलटापालट झाली तिचाच हा विस्तार आहे. पायाशी असलेल्याने ‘हे मोडू नका’ म्हटले तर ते वरच्याला मोडता येऊ नये. म्हणून थीमच्याही आधी ‘दुरुस्ती’ नावाचा तिसरा लेअर जाहीर केला आणि त्यात एकच घोषणा, मागणी-बटणाचे अधोरेखन काढणारी, इम्पॉर्टंटसह ठेवली. रेघ गेली.

संपलेल्या अंकाचे रंग स्क्रिप्टमधून काढून ‘संपला’ या क्लासकडे सोपवले. हा क्लास आणि मागणी-बटण मिळून शून्य-दोन-शून्य, होव्हरचा नियमही शून्य-दोन-शून्य, दोन्ही एकाच लेअरमध्ये. येथे अखेर ‘शेवटचा जिंकतो’ हे सूत्र कामाला आले आणि संपल्याचा नियम होव्हरच्या खाली लिहिला. शिवाय स्क्रिप्ट आता दुव्याचा पत्ताच काढून टाकते, कारण रंग बदलल्याने दुवा बंद होत नाही, आणि सात जणांचे पैसे परत करावे लागले ते खरे तर याच चुकीमुळे.

प्रतींची संख्या टाकण्याच्या चौकटीची तक्रार अगदी शेवटी आली आणि तिचा वरच्या कशाशीच संबंध नव्हता. संपूर्ण पानाला बॉडीवरून ‘मुक्ता’ हा टंक दिलेला असूनही चौकटीतले ‘किती प्रती?’ बारीक आणि वेगळ्याच अक्षरांत उमटत होते, वेलांटी-मात्रा एकमेकींत अडकत होत्या. वारशाने आलेली किंमत ही उमेदवारच नसते. ज्या गुणधर्मासाठी एकही घोषणा लागू पडत नाही तेथेच वारसा उपयोगी पडतो. इनपुटसाठी ब्राउझरच्या स्वतःच्या शैलीत टंकाची घोषणा असते, क्रोममध्ये आकार साधारण १३.३३ पिक्सेलचा, आणि ती कितीही तळाची असली तरी थेट त्या घटकासाठी आहे. इनपुटला टंक वारशाने घेण्यास सांगणारी एक ओळ लिहिली आणि काम झाले.

या उपायाची किंमतही सांगितली पाहिजे. इम्पोर्टमुळे थीमची फाइल थोडी उशिरा पोचते. २०२२ पूर्वीचे ब्राउझर लेअरमधले सगळेच नियम टाकून देतात. आयफोन ६ सारख्या, आयओएस १२ वर अडकलेल्या फोनवर पान कोणत्याही शैलीशिवाय, निळ्या अधोरेखित दुव्यांसह दिसते. संपादकबाईंना ते तसे उघडून दाखवले. मुखपृष्ठे एकाखाली एक येत होती आणि प्रत्येकीखाली ‘मागणी नोंदवा’ ही अक्षरे वाचता येत होती. “चालेल,” त्या म्हणाल्या, “कोरं तरी नाही.”

सहकाऱ्याच्या चाचणी-पानावर आता कंटेंट नावाचा आयडी आहे.